काही मिनिटांची संधी

ॲनोफिलिसची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून हिवतापाचे फार तर शंभरेक परजीवी कातडीत उतरतात. एकदा रक्तात शिरले की यकृत गाठायला त्यांना काही मिनिटं पुरतात. तिथे पेशीत दडून एकाचे हजारो होतात, आठवडाभरानं रक्तात सुटतात आणि मग थंडी वाजून ताप भरतो. शत्रू मूठभर आहे, उघड्यावर आहे, तोवरच त्याला गाठायचं. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर21 लस नेमकी हीच वेळ साधते.

विषाणूंवर लशी पुष्कळ आहेत. या परजीवीकडे मात्र पाच हजारांहून जास्त जनुकं आहेत आणि टप्प्याटप्प्यावर तो रूप पालटतो. रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो पाहिला 1897 मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्यावरच्या पहिल्या लशीची शिफारस केली 2021 मध्ये! आर21 ही दुसरी, 2023 मधली.

यकृताकडे निघालेल्या परजीवीच्या अंगावर एकाच प्रथिनाचं दाट आवरण असतं. त्यात ॲस्परॅजिन, ॲलनिन, ॲस्परॅजिन, प्रोलिन हा चार अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. एवढ्या गुंतागुंतीच्या जिवाची खूण एवढीशी! आर21 साठी ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी या आवरणाचा भाग कावीळ-बच्या विषाणूच्या प्रथिनाला जोडला. यीस्टच्या पेशींकडून हे जोडप्रथिन बनवून घेतलं की त्याचे विषाणूसारखे कण आपोआप जुळतात, आणि शरीर खडबडून जागं होतं. जोडीला असतो चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतला अर्क. आपल्या रिठ्यासारखा फेस येणारी ही साल प्रतिकारशक्तीला आणखी डिवचते.

हिवतापाच्या हंगामाआधी तीन डोस दिले, तेव्हा चाचण्यांमध्ये पहिल्या वर्षी आजारपण सुमारे 75 टक्क्यांनी घटलं. प्रतिपिंडं ओसरतात, म्हणून वर्षानं चौथा डोस लागतो. कुणाला हे अपुरं वाटेल. मला वाटत नाही. आफ्रिकेत पाच वर्षांखालची चार लाखांवर मुलं दरवर्षी या तापानं दगावतात.

जुलै 2024 मध्ये आयव्हरी कोस्टच्या बाळांना ही लस टोचायला सुरुवात झाली. ती फाल्सिपॅरम या घातक जातीवर चालते. तीच जात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही आढळते. पण भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही; इथे भिस्त आहे ती मच्छरदाणी, फवारणी आणि आशाताईंनी बोट टोचून केलेल्या रक्ततपासणीवर.