माडावर चढण्याचे यंत्र : उभ्याचे घ्यावे की बसक्याचे?

माड वाढतच राहतो, पाडेली मात्र थकत चालला आहे. ही तक्रार आज गोव्याच्या प्रत्येक वाड्यावर ऐकू येते. खोडावरच्या खाचांत पाय रोवून सकाळच्या प्रहरी माडामागून माड उतरवणारी माणसे आता थोडी उरली. त्यांच्या मुलांनी दुसरा धंदा धरला, यात त्यांचे काही चुकले नाही. तेव्हा यंत्राकडे वळणे आले. पण विकत घ्यायला जावे तर दोन पक्षांचे विक्रेते आपापले गुण गाऊ लागतात.

पहिले यंत्र केरळचे. कन्नूर जिल्ह्यातील चेंबेरी गावचे एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने ते बनवले, म्हणून त्याला चेंबेरी जोसेफ यंत्र म्हणतात. यात पावले ठेवायच्या दोन लोखंडी चौकटी असतात व प्रत्येकीचा तारदोर खोडाभोवती फिरवलेला असतो. पायावर भार दिला की दोर खोडाला आवळतो. भार काढून हाताने चौकट उचलली की तो सैल होतो. जिना चढावा तसे एकेक पाऊल वर जायचे. दुसरे यंत्र तामिळनाडूत कोइम्बतूर भागात विकसित झाले. त्यात वरच्या चौकटीला बैठक असते. बसून पायांनी खालची चौकट ओढायची, मग उभे राहून वरची सरकवायची.

उभ्याचे विकणारा म्हणतो, "आमचे हलके आणि झटपट." बसक्याचा म्हणतो, "आमच्यावर नवशिका व बायामाणसेही निर्धास्त बसतील." दोघांचेही बऱ्याच अंशी खरे आहे. ज्याला दिवसभर अनेक माड उतरवायचे त्याला वेग हवा. ज्याला घरामागचे चार माड उतरवायचे त्याला बैठक बरी. वाकडा माड मात्र दोन्हींना अवघडच.

अमेरिकेतही असेच भांडण चालते. तेथे हरणांची शिकार करणारे धनुर्धारी कापडी खोगिरात बसून झाडाला टांगून घेतात. कोणाचे खोगीर हलके, कोणाचे पट्टे मऊ, यावर कंपन्यांची चढाओढ असते. पण जाणते शिकारी एक नियम सांगतात : पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगाचा दोर झाडाला बांधलेला असावा. चढताना कमरेचा दोर, वर स्थिरावल्यावर दुसरा. दुसरा पक्का झाल्याशिवाय पहिला सोडायचा नाही.

आपल्याकडे घोडे इथेच अडते. एका प्रदर्शनात मी विक्रेत्याला विचारले, "पट्टा कुठे आहे?" तो म्हणाला, "फादर, त्याचे पैसे वेगळे." जे आधी द्यायचे ते जादा म्हणून विकले जाते! पाय चौकटीतून निसटला तर उभ्याच्या यंत्रावर माणसाला धरून ठेवणारे काही उरत नाही. म्हणूनच कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने चेंबेरी यंत्रासाठी सुरक्षा-जोड तयार केली. नारळ विकास मंडळाने २०११ साली 'नारळ वृक्षांचे मित्र' ही योजना काढून तरुणांना यंत्रावर चढण्याचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. शिकल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.

एवढे पाळावे :

१. चढण्यापूर्वी तारदोर बोटांनी नव्हे, डोळ्यांनी तपासावा. एक तार जरी तुटली असली तरी दोर बदलावा.

२. पावसात शेवाळलेल्या खोडावर चढू नये. दारू घेतली असेल तर मुळीच नाही. चक्कर किंवा फिट येणाऱ्याने चढूच नये.

३. एकट्याने चढू नये. पट्ट्यात निपचित लटकून राहिल्यास रक्त पायांत साचून जीव जाऊ शकतो. शुद्ध असेल त्याने पाय हलवत राहावे. खालच्याने लगेच मदत बोलवावी.

४. कोणी पडलाच तर हातपाय धरून उचलू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. पाठीचा कणा मोडला असेल तर अशा उचलण्याने माणूस जन्माचा पांगळा होतो. त्याला हलू न देता १०८ क्रमांकावर फोन करावा.

भाटकारांनो, एक शब्द तुमच्यासाठी. माड तुमचा, पण वर जातो तो दुसऱ्याचा बाप किंवा मुलगा. यंत्र कोणतेही आणा. पट्ट्याचे पैसे मात्र तुम्ही द्या, आणि पट्टा बांधलेला दिसल्याशिवाय "चढ" म्हणू नका.