वेड घेऊन पेडगावला
पडद्यावरचं हसू : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की फार्सचं यंत्र माहितीच्या तफावतीवर चालतं. कपाटात कोण लपलंय हे प्रेक्षकाला ठाऊक, नवऱ्याला नाही, म्हणून हशा. बौद्धिक अक्षमता असलेलं पात्र विनोदी चित्रपटात आलं, की पटकथाकार त्याला हमखास त्या नवऱ्याच्या जागी उभं करत आले. सगळ्यांना कळतं, यालाच कळत नाही. गंमत एवढीच. तीही दोन प्रसंगांत आटते.

‘द रिंगर’ (२००५) या अमेरिकन चित्रपटानं ही जागाच बदलली. पैशांच्या निकडीपायी एक धडधाकट तरुण बौद्धिक अक्षमतेचं सोंग घेऊन स्पेशल ऑलिंपिक्समध्ये उतरतो. अक्षरशः वेड घेऊन पेडगावला! कल्पना ऐकूनच अंगावर काटा यावा. पण खुद्द स्पेशल ऑलिंपिक्स ही संस्था या निर्मितीत सहभागी होती, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या दीडशेहून अधिक जणांनी त्यात काम केलं. खरी मेख कथेत आहे. अधिकारी फसतात, प्रेक्षक फसतात. सहखेळाडू फसत नाहीत. ते त्याला बरोबर पकडतात आणि वर गुपित राखतात, कारण गर्विष्ठ विजेत्याला कुणीतरी हरवावं अशी त्यांचीच इच्छा असते. इथे अडाणी ठरतो तो सोंगाड्या.

२०२४ मध्ये फ्रान्समध्ये विनोदी नट आर्तुस यानं दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटाची एक कोटीहून अधिक तिकिटं खपली. त्यात पळून जाणारे चोर बापलेक दिव्यांगांच्या सुट्टीतल्या सहलीत घुसतात. मुलगा अक्षमतेचं सोंग घेतो, बाप त्याचा काळजीवाहू बनतो. इथेही सोबतचे दिव्यांगच त्याचं बिंग ओळखतात.

असं सोंग प्रत्यक्षातही घडलं होतं, आणि त्याचं हसू आलं नव्हतं. २००० च्या सिडनी पॅरालिंपिक्समध्ये बौद्धिक अक्षमता गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघानं सुवर्णपदक जिंकलं. बारापैकी दहा खेळाडूंना अशी कोणतीही अक्षमता नव्हती, हे संघातल्याच एका पत्रकारानं उघड केलं. पदक परत गेलं. पण शिक्षा खऱ्या खेळाडूंनी भोगली. पॅरालिंपिक्सची दारं त्यांना थेट २०१२ मध्ये, लंडनला, पुन्हा उघडली.

त्याच स्पेनमध्ये, त्याच खेळावर, २०१८ मध्ये ‘काम्पेओनेस’ आला. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एका प्रशिक्षकाला समाजसेवेची शिक्षा होते आणि असा एक संघ त्याच्या गळ्यात पडतो. खेळाडूंच्या भूमिकांत बौद्धिक अक्षमता असलेलेच कलाकार होते. अंतिम सामना हरल्यावर प्रशिक्षकाचा चेहरा पडतो आणि संघ मात्र दुसरा आल्याचा जल्लोष करतो, तेव्हा हशा प्रशिक्षकाच्या वाट्याला जातो. स्पेनचा मानाचा गोया पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. आमीर खानचा ‘सितारे जमीन पर’ (२०२५) हा त्याचाच हिंदी अवतार. त्यातले दहा खेळाडूही असेच नवखे कलाकार होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही या प्रश्नाला हात घातला आहे. ‘आँख मिचोली’ या चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर जुलै २०२४ मध्ये निकाल देताना न्यायालयानं दोन प्रकार वेगळे केले : अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद आणि अपंग व्यक्तीला कमी लेखणारा विनोद. बंदी न घालता हा फरक सांगितला, हे महत्त्वाचं.

मराठीत ‘चौकट राजा’त (१९९१) नंदूची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली, ‘यलो’त (२०१४) डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच पडद्यावर आली. अभिनेता ते खुद्द व्यक्ती, हा पल्ला मराठीनं तेवीस वर्षांत गाठला. पण हे दोन्ही चित्रपट डोळ्यांत पाणी आणणारे आहेत. कणव आपल्याला जमते. बरोबरीची थट्टा अवघड जाते, कारण थट्टा करायची तर समोरचा उलट टोला हाणील हे धरून चालावं लागतं.

म्हणून असा चित्रपट पाहताना एवढंच तपासा : नायकाला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट त्या पात्राला ठाऊक आहे का? नसेल, तर कलाकार कितीही गुणी असो, पटकथाकारानं काम अर्ध्यावर सोडलं आहे.