परवाना कोणाचा, बंदूक कोणावर?

डिसेंबर २०२४ चा दुसरा आठवडा जालना जिल्ह्यातला माणूस सहजासहजी विसरणार नाही. दक्षिणेला, बीड जिल्ह्यात, ९ डिसेंबरला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण झाले आणि त्यांना हालहाल करून ठार मारण्यात आले. पूर्वेला, परभणीत, १० डिसेंबरला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले, मग वस्त्यांमधून धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. एका बाजूला गुंडांची टोळी, दुसऱ्या बाजूला खाकी वर्दी, आणि मध्ये आपण.

बीडच्या खुनानंतर एक गोष्ट उजेडात आली. त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक लोकांकडे शस्त्रपरवाने होते. कमरेला पिस्तूल लावून मिरवणारे, लग्नात आणि वाढदिवसाला हवेत गोळ्या झाडणारे पुढाऱ्यांचे बगलबच्चे साऱ्या महाराष्ट्राने चित्रफितींमधून पाहिले. ओरड झाल्यावर प्रशासन जागे झाले आणि शंभराहून अधिक परवान्यांवर रद्द किंवा निलंबित करण्याची कारवाई झाली. खून होईपर्यंत हे परवाने कोणालाही खुपले नव्हते.

तेव्हापासून माझ्याकडे खेड्यापाड्यातून येणारे आपले तरुण एकच विचारतात : "वकीलसाहेब, त्यांच्याकडे आहेत, मग आम्हाला का नाही? आम्हालाही परवाना काढून द्या." काही जण याच्याही पुढे जातात. सामान्य नागरिकाला बंदूक बाळगण्याचा हक्कच असला पाहिजे, अमेरिकेत आहे तसा, असे त्यांचे म्हणणे. या मागणीला भेकडपणाने नाकारता येणार नाही. जो समाज १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत पेटलेली आपली घरे पाहून आला आहे, त्याला 'पोलिसांवर विश्वास ठेवा' एवढेच सांगणे ही थट्टा होईल. म्हणून या प्रश्नाचा विचार बाबासाहेबांच्या आणि कायद्याच्या अंगाने झाला पाहिजे.

घटना समितीत हा प्रश्न आला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले, याची चीड राष्ट्रीय चळवळीत होती. त्यामुळे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातलेला होता. त्याच आधारावर ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये हा हक्क राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन हल्ल्याची साधने बिनदिक्कत विकत घेता आली तर राज्यकारभार चालेल कसा, असा त्यांचा सवाल होता. देशावर संकट आले तर शस्त्र हाती घेणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरावे, व्यक्तीचा हक्क नव्हे, अशी त्यांची मांडणी होती. ती दुरुस्ती फेटाळली गेली. आज घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण तो शांततेने आणि विनाशस्त्र.

आता कोणी म्हणेल, याच बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये काय लिहिले होते? चातुर्वर्ण्याने शूद्रातिशूद्रांचे शस्त्र काढून घेतले, म्हणून त्यांना बंड करता आले नाही, हे विश्लेषण त्यांचेच. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारकडे अर्ज तयार केला, तो याच वेदनेतून. आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. मग १९४८ मध्ये विरोध का?

मला यात विसंगती दिसत नाही. मी त्याचा अर्थ असा लावतो की चातुर्वर्ण्यात शस्त्र जातीच्या मालकीचे होते आणि बाबासाहेबांना ते राज्याच्या, म्हणजे कायद्याच्या ताब्यात हवे होते. रेजिमेंटमधल्या जवानाची बंदूक त्याच्या घराण्याची नसते. विषम समाजात शस्त्राचा बाजार खुला केला तर ते कोणाकडे जाईल? ज्याच्याकडे जमीन, साखर कारखाना, वाळूचे टिप्पर आणि ठाण्यात ओळख आहे, त्याच्याकडे. परवान्याच्या एका रिव्हॉल्वरची किंमत लाखाच्या घरात जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाला हा हक्क कागदावर मिळेल आणि त्याच्या समोरच्याला तो हातात मिळेल.

अमेरिकेचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पूर्ण द्यावे. तिथे शस्त्राचा हक्क १७९१ पासून घटनेत आहे. पण गुलामगिरी संपल्याबरोबर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास मनाई करणारा कायदा केला. ज्यांच्यावरून आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले ते ब्लॅक पँथर १९६७ साली कॅलिफोर्नियात भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन विधानभवनात गेले. त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी भरलेली बंदूक सार्वजनिक जागी बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. आणि २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय माणसाने गाडी अडवणाऱ्या पोलिसाला स्वतःहून सांगितले की माझ्याकडे शस्त्र आहे. त्याच्याकडे परवानाही होता. पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या आणि ज्यूरीने पुढे त्या पोलिसाला निर्दोष सोडले. हक्क तोच, कातडीचा रंग बदलला की त्याचा अर्थ बदलला. आपल्याकडे रंगाच्या जागी आडनाव ठेवा.

बंदुकीने आपण वाचलो असतो का, हाही प्रश्न भावनेच्या भरात बाजूला राहतो. आपल्या माणसांना महाराष्ट्रात कशाने मारले ते आठवा. एप्रिल २०१४ मध्ये बदनापूर तालुक्यातील नानेगावचे दलित सरपंच मनोज कसाब यांचा खून लोखंडी सळयांनी झाला. त्याच महिन्यात खर्ड्याच्या नितीन आगेला मारहाण करून झाडाला लटकवले. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर जमाव चालून आला तो काठ्या-कुऱ्हाडी घेऊन. संतोष देशमुखांच्या शरीरावरही पाइपांचे घाव होते. वादाच्या सुरुवातीला पवनचक्की प्रकल्पावरच्या एका दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली होती आणि गावचा सरपंच म्हणून देशमुख मध्ये पडले होते, हेही विसरू नका. मराठा सरपंच दलित कामगारासाठी उभा राहिला तर त्यालाही हीच शिक्षा.

आणि जिथे गोळी चालली तिथे ती कोणाची होती? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात दहा जीव गेले ते राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळ्यांनी. बिहारात लक्ष्मणपूर बाथे येथे १ डिसेंबर १९९७ च्या रात्री रणवीर सेनेने ५८ माणसे मारली. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने सर्व आरोपी सोडून दिले. नितीन आगेच्या खटल्यातही २०१७ मध्ये आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले. साक्षीदार फिरतो तो बंदुकीच्या धाकाने क्वचित. तो फिरतो कारण त्याला उद्या त्याच गावात मजुरीला जायचे असते, त्याच दुकानातून उधारी आणायची असते. त्या भीतीवर कुठल्या कारखान्याची काडतुसे चालणार?

शिवाय कोर्टात रोज उभा राहणारा माणूस म्हणून सांगतो. आपल्या माणसाने फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दरोड्याची नाहीतर विनयभंगाची उलटी केस होते. त्याच्या घरात बंदूक असेल तर त्या केसमध्ये खुनाच्या प्रयत्नाचे कलम आणि आर्म्स ॲक्ट आयतेच जोडले जाईल. स्वसंरक्षणाचा अधिकार आपल्याला आहेच. पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. अंगावर आलेल्या कुऱ्हाडीला हातातल्या काठीने उत्तर देणे गुन्हा नाही. पण तो अधिकार सिद्ध करावा लागतो कोर्टात, आणि तोवर आपला माणूस असतो हर्सूल जेलमध्ये.

काही धम्मबांधव म्हणतील, बौद्धांनी शस्त्राचे नावच काढू नये. त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा वाचावा. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यात बाबासाहेबांनी तिथे फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. त्यामुळे माझा आक्षेप शस्त्राला शिवण्यावर नाही.

माझा आग्रह वेगळ्याच ठिकाणी आहे. जे हत्यार आपल्या हातात १९९५ पासून आहे ते आपण वापरतच नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५. त्यातला नियम ३ उघडून पाहा. अत्याचार होण्याची शक्यता असलेली किंवा पुन्हा होण्याची भीती असलेली क्षेत्रे राज्य सरकारने निश्चित करायची आहेत. अशा क्षेत्रात आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातीचे नसलेल्या व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची आहेत. नुसत्या त्या व्यक्तींचे नव्हे. त्यांचे जवळचे नातेवाईक, नोकरचाकर आणि कुटुंबाचे मित्र यांचेसुद्धा! ज्याने हा नियम लिहिला त्याला गाव माहीत होते. मालकाची बंदूक सालगड्याच्या नावावर असते, भावाची मेहुण्याच्या नावावर असते, हे त्याला ठाऊक होते. पुढच्या खंडात बेकायदा शस्त्रे जप्त करणे आहे. त्याच्याही पुढे, गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने देणे आहे.

क्रम लक्षात घ्या. आधी त्यांचे शस्त्र काढणे, मग बेकायदा शस्त्र जप्त करणे, मग आपल्याला परवाना. आपल्या सभांमधून मागणी होते ती फक्त शेवटच्याची. टाळ्याही तिलाच पडतात. पहिल्या दोन गोष्टींबद्दल निवेदनात ओळ नसते.

प्रशासन म्हणेल, सरसकट परवाने काढून घेणे व्यवहार्य नाही. मग निवडणुकीत कसे होते? आचारसंहिता लागली की परवान्यांची छाननी होते, परवानाधारकांना नोटिसा जातात आणि बंदुका ठाण्यात जमा होतात. मतपेटी सुरक्षित राहावी म्हणून जे काही दिवसांत होते, ते बौद्धवाडा सुरक्षित राहावा म्हणून तीस वर्षांत का होऊ नये? जयंतीच्या, मोर्चाच्या वेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ३७ लागले की आपल्या हातातली साधी काठीसुद्धा बंदीच्या यादीत जाते. तेव्हा मात्र कायदा फार तत्पर असतो.

गंमत अशी की हे सगळे अधिकार एकाच खुर्चीत आहेत. आपल्यासारख्या, पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात शस्त्रपरवाना देणारा अधिकारी जिल्हादंडाधिकारी. अत्याचार प्रतिबंधक नियम १७ खालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचा अध्यक्षही तोच. ही समिती तीन महिन्यांतून एकदा बसली पाहिजे. अशा काही बैठकांची इतिवृत्ते मी वाचली आहेत. आर्थिक मदतीची प्रकरणे, प्रलंबित तपास, जातप्रमाणपत्रे असे सारे त्यांत असते. गावातल्या परवानाधारकांची यादी मात्र मला एकाही इतिवृत्तात भेटली नाही.

आता राहिला आपल्या माणसाचा परवाना. तो कोणीच मागू नये असे मी म्हणत नाही. राखीव जागेवर निवडून आलेला आणि धमक्या येत असलेला सरपंच, खुनाच्या खटल्यातला प्रत्यक्षदर्शी, गायरान जमिनीच्या वादात एकट्या शेतवस्तीवर राहणारे कुटुंब, यांनी जरूर अर्ज करावा. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम १४(२) साफ सांगते की केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. टेबलावरचा बाबू सातबारा मागेल आणि 'तुला कशाला हवी बंदूक' असे विचारेल. त्याला हे कलम दाखवा. नाकारलेच तर कारणे लेखी मागा आणि कलम १८ खाली अपील करा. मात्र साक्षीदाराने त्याआधी अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ खाली विशेष न्यायालयात संरक्षणाचा अर्ज द्यावा. २०१६ पासून हे कलम लागू आहे. पोलीस संरक्षण देण्याची जबाबदारी राज्याची आहे. ती स्वतःच्या खांद्यावर घेऊन आपण राज्याला मोकळे का करावे?

जालना जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी सुरुवात अशी करावी. माहितीच्या अधिकारात तालुकानिहाय शस्त्रपरवान्यांची संख्या मागावी आणि अत्याचाराचे गुन्हे ज्या गावांत नोंदले गेले त्यांची यादी सोबत मागावी. दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. ज्या गावात आरोपीच्या घरी किंवा त्याच्या भावकीत परवाना आहे, तिथे कलम १७(३)(ब) खाली सार्वजनिक शांततेच्या कारणावरून तो निलंबित करण्याचा आणि नियम ३ खाली शस्त्र जमा करून घेण्याचा लेखी अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे द्यावा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. दक्षता समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा म्हणून समितीच्या अशासकीय सदस्यांना गाठावे. ते सदस्य आपलेच असतात, बहुधा आपल्याच ओळखीचे. महिनाभरात उत्तर आले नाही तर तो अर्ज आणि ती पोच घेऊन या. उच्च न्यायालयाचे खंडपीठ शेजारी औरंगाबादलाच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आहे.