द्राक्षकुंडात मळणी करणारा माणूस: गिदोन (शास्ते, अध्याय ६ ते ८)

तुम्ही सुरतेत असाल, इंदुरात, बेळगावात किंवा हैदराबादला, घरातलं बायबल काढा आणि शास्ते सहावा अध्याय उघडून समोर ठेवा. आज एका घाबरट माणसाकडे पाहायचं आहे. घाबरट हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. संडे स्कूलच्या चित्रांत गिदोनाच्या हातात मशाल असते आणि छाती पुढे काढलेली असते. वचनात तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा मात्र तो लपलेला आहे.

मळणी कुठे करतात? गावाकडे राहिलेल्यांना हे सांगायला नको. खळं उघड्यावर, शक्यतो उंचावर असतं, कारण उफणायला वारा लागतो. गिदोन मात्र गहू झोडतोय द्राक्षकुंडात. द्राक्षं तुडवण्यासाठी खडकात खोदलेला तो खड्डा. तिथे वारा नाही, जागा नाही. भुसा उडून अंगावरच पडत असणार. मग तिथे का? वरून कोणाला दिसू नये म्हणून. इस्राएल लोकांनी पेरणी केली की मिद्यानी, अमालेकी आणि पूर्वेकडचे लोक उंटांवरून टोळधाडीसारखे यायचे आणि थेट गज्जापर्यंतचं पीक फस्त करायचे. मेंढरू नाही, बैल नाही, गाढवही मागे ठेवायचे नाहीत. असं सात वर्षं चाललं होतं. लोक डोंगरातल्या गुहांत राहायला गेले होते.

अशा माणसासमोर परमेश्वराचा दूत येऊन बसतो आणि त्याला शूर वीर म्हणून हाक मारतो!

कोणालाही ही थट्टा वाटेल. गिदोनालाही वाटली असावी, कारण त्याचं उत्तर भक्तिभावाचं नाही, तक्रारीचं आहे. देव आमच्याबरोबर आहे तर हे सगळं आमच्यावर का आलं? बापजाद्यांनी सांगितलेली ती अद्भुत कृत्यं कुठे गेली? प्रार्थना सभेत कोणी असं बोललं तर आपण त्याला गप्प करू, विश्वास कमी आहे म्हणू. देवाने त्याला गप्प केलं नाही. प्रश्नाचं उत्तरही दिलं नाही. जे बळ आहे ते घेऊन जा, मी तुला पाठवतोय, एवढंच सांगितलं.

मग गिदोन नेहमीचं कारण पुढे करतो. मनश्शेच्या वंशात आमचं कूळ सगळ्यात दुबळं आणि बापाच्या घरात मी सगळ्यात लहान. इथे एक गंमत आहे. काही वचनं पुढे वाचा. हाच गिदोन रात्री आपल्या चाकरांपैकी दहा जणांना घेऊन कामाला निघतो. दहा चाकर बरोबर घेता येतात ते घर अगदी फाटकं नसणार. त्याच्या बापाकडे, योवाशाकडे, बैल होते आणि बआलाची वेदीही त्याचीच होती. म्हणजे गिदोन स्वतःला समजत होता तेवढा तो लहान होता की नाही, याची मला शंका आहे. पण देवाने त्याच्याशी या हिशोबावर वाद घातला नाही. तू लहान नाहीस, तुझ्यात खूप गुण आहेत, असं एका शब्दानेही म्हटलं नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच वचन दिलं. निर्गम तिसऱ्या अध्यायात, मी कोण जाणारा, असं म्हणणाऱ्या मोशेलाही हेच उत्तर मिळालं होतं.

आणि पहिलं काम कोणतं मिळालं? मिद्यानाशी लढाई नाही. घरातलं काम. बापाने उभारलेली बआलाची वेदी पाड, तिच्याजवळची अशेरा तोड आणि त्याच लाकडावर बैलाचा होम कर. गिदोनाने ते केलं, पण रात्री. वचन साफ सांगतं की घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटली म्हणून दिवसा केलं नाही. मला हे वाक्य फार आवडतं. भीती गेली नव्हती, काम मात्र झालं. सकाळी गाव दारात उभा राहिला तेव्हा मुलाला वाचवलं कोणी? ज्याची वेदी पाडली त्या बापाने. बआल देव असेल तर त्याने स्वतःचं स्वतः बघून घ्यावं, असं योवाश म्हणाला. तेव्हापासून गिदोनाला यरुब्बाल हे नाव पडलं.

लोकरीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. एका सकाळी लोकर ओली आणि जमीन कोरडी, दुसऱ्या सकाळी उलटं. आपल्याकडे नोकरीसाठी, स्थळासाठी, घर घेण्यासाठी 'लोकर ठेवतात'. माझं मत विचाराल तर ही देवाची इच्छा ओळखायची पद्धत म्हणून दिलेली नाही. देवाची इच्छा गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलेली होती, त्याला ती पटत नव्हती. तो स्वतःच म्हणतो, माझ्यावर रागावू नकोस. देव रागावला नाही, हे या प्रसंगातलं नवल आहे.

आता सातवा अध्याय. हरोद झऱ्याजवळ 32,000 माणसं जमली. उत्तरेला मोरे टेकडीच्या बाजूला शत्रूची छावणी. आठव्या अध्यायात त्यांची संख्या येते, एकूण 1,35,000. कोणताही सेनापती आणखी माणसं मागेल. देव म्हणतो, तुझे लोक फार झाले. भ्यालेल्यांनी घरी जावं अशी सूट अनुवादाच्या विसाव्या अध्यायात आधीच होती. ती जाहीर केल्यावर 22,000 निघून गेले. सेनापती स्वतः मनातून भ्यालेला, त्याला ते पाठमोरे लोक बघताना काय वाटलं असेल?

उरलेल्या 10,000 मधून पाण्यावर 300 निवडले गेले. यावर एक ठरलेला संदेश आपण सगळ्यांनी ऐकला आहे: ओंजळीने पाणी चाटून पिणारे सावध होते, म्हणून देवाने हे निवडक कमांडो घेतले. ऐकायला छान आहे, पण वचन तसं म्हणत नाही. दुसऱ्या वचनात कारण दिलेलं आहे. आपल्याच हाताने आपण सुटलो अशी फुशारकी इस्राएलाने मारू नये. या 300 जणांना विशेष शूर ठरवलं, की तेच कारण आपण पुसून टाकतो.

त्या रात्री देव गिदोनाला म्हणतो, खाली जायला भीती वाटत असेल तर तुझा चाकर पुरा याला बरोबर घे. गिदोन पुराला घेऊन गेला. म्हणजे भीती होतीच! छावणीच्या कडेला एक मिद्यानी शिपाई आपलं स्वप्न सांगत होता. जवाची भाकर गडगडत आली आणि तंबू उलथवून गेली. जव म्हणजे गरिबाचं धान्य. हे ऐकून गिदोनाने तिथेच दंडवत घातलं.

पुढची लढाई तुम्ही वाचा, फक्त हात मोजा. डाव्या हातात मशाल, उजव्या हातात शिंग. घोषणा तलवारीची आहे, पण तलवार धरायला हात उरलेला नाही. पहारेकरी नुकतेच बदलले होते, 300 घडे एकदम फुटले आणि गोंधळात शत्रूंनी एकमेकांनाच कापलं.

बहुतेक संदेश इथे थांबतात. मला आठवा अध्याय टाळता येत नाही. एफ्राईमचे लोक भांडायला आले, तेव्हा गिदोनाने मोठेपणा त्यांना देऊन त्यांचा राग शांत केला. मंडळीच्या कमिटीत बसणाऱ्यांनी ती तीन वचनं जरूर वाचावीत. पण सुक्कोथ आणि पनुएल इथल्या लोकांनी त्याच्या दमलेल्या माणसांना भाकरी नाकारली, तेव्हा त्याने परत येऊन सुक्कोथच्या वडीलजनांना काट्यांनी झोडलं आणि पनुएलचा बुरूज पाडून तिथले पुरुष मारले. हेच का ते द्राक्षकुंडातलं माणूस?

लोकांनी त्याला राजा व्हायला सांगितलं. तो म्हणाला, परमेश्वर तुमच्यावर राज्य करील. उत्तर अगदी बरोबर. मग लगेच त्याने लुटीतली कुंडलं मागितली. 1700 शेकेल सोनं जमलं, आजच्या मापाने सुमारे 19-20 किलो. त्याचा एफोद करून त्याने आपल्या गावात, अफ्रात ठेवला आणि सगळे इस्राएल त्याच्यामागे लागले. ज्या गावात बापाची वेदी पाडली त्याच गावात. राजा नको म्हणणाऱ्याला अनेक बायका आणि 70 मुलगे झाले. शखेमातल्या उपपत्नीच्या मुलाचं नाव अबीमलेख, म्हणजे 'माझा बाप राजा'.

खड्ड्यात लपलेल्या गिदोनाला देवाची गरज क्षणोक्षणी कळत होती. सोनं मोजणाऱ्या गिदोनाने देवाला एकदाही विचारल्याचं लिहिलेलं नाही. लोकर त्या दिवशी ठेवायला हवी होती.

तरी देशाला 40 वर्षं स्वस्थता मिळाली. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात, विश्वासाने जगलेल्यांच्या यादीत, बाराक, शमशोन, इफ्ताह आणि दावीद यांच्याबरोबर गिदोनाचं नाव आहे. एफोदाचा उल्लेख तिथे नाही. पण शास्त्यांचा आठवा अध्याय कोणी बायबलातून काढलेलाही नाही.

पुढच्या भागात नववा अध्याय घेऊ. त्यात अबीमलेख आपल्या भावांना एकाच धोंड्यावर मारतो आणि सगळ्यात धाकटा योथाम लपून वाचतो. त्या घराण्यात पुन्हा एकदा एक जण लपलेला आहे.