तंबू सावलीत, पॅनेल उन्हात

कॅम्पिंगसाठी सोलर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, 'किती वॅटचं घेऊ?' दुकानदार १००, २०० असे आकडे सांगतो आणि सौदा होऊन जातो. गाडी झाडाखाली उभी राहणार की माळावर, रात्री काय काय चालवायचं, एका जागी मुक्काम किती दिवसांचा, हे कुणी कुणाला विचारत नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पवना आणि भंडारदऱ्याच्या काठांवर तंबू त्याच्याही आधीपासून पडताहेत. या हौशीबरोबर सोलरविषयीचे काही गैरसमजही मुक्कामाला येतात आणि त्यातले बरेचसे त्या एका वॅटच्या आकड्याभोवती फिरतात.

'१०० वॅटचं पॅनेल म्हणजे १०० वॅट वीज'

पॅनेलच्या पाठीवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. दर चौरस मीटरवर १००० वॅटचा प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश, अशी परिस्थिती ठरवून तो मोजतात. आपल्याकडे स्वच्छ आकाशाच्या भर दुपारी जवळपास तेवढा प्रकाश मिळतो, पण त्याच वेळी पॅनेलला हात लावून पाहा, चटका बसेल, आणि तापलेलं पॅनेल वीज कमी देतं. म्हणून १०० वॅटच्या पॅनेलनं मोकळ्या मैदानावर ७०-८० वॅट दिले तर ते ठणठणीत आहे असं समजावं. यात फसवणूक नाही.

खरा हिशोब दिवसाचा करायचा. कोरड्या ऋतूत महाराष्ट्रात दिवसभराचं ऊन एकत्र केलं तर ते पूर्ण ताकदीच्या साधारण ५ तासांच्या उन्हाइतकं भरतं. १०० वॅटला ५ तासांनी गुणून गळती वजा केली की हातात ३५० वॅट-तास उरतात. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे दिवसाची कमाई जेमतेम एक तृतीयांश युनिट.

आता खर्चाची बाजू. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे ५ तास लावले तर ५० वॅट-तास. १२ व्होल्टचा २० वॅटचा पंखा रात्रभर, ८ तास चालला तर १६०. तीन मोबाईल चार्ज करायला ६०. बेरीज २७०. इथपर्यंत १०० वॅटचं पॅनेल पुरतं. मग कुणीतरी ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज आणतं. चालू असताना तो ४५ वॅट घेतो असं धरलं आणि मेच्या उकाड्यात दिवसाचा निम्मा वेळ कॉम्प्रेसर सुरू राहिला, तर एकट्या फ्रिजलाच ५४० वॅट-तास लागतात. तिथे २५० वॅटच्या आसपास पॅनेल हवं.

उष्णता निर्माण करणारी उपकरणं मात्र सोलरच्या वाटेला आणूच नयेत. एक लिटर पाण्याला उकळी आणायला जवळजवळ १०० वॅट-तास जातात. चारपाच जणांच्या दोन वेळच्या चहातच दिवसाच्या कमाईचा मोठा वाटा संपेल. चहासाठी गॅसची छोटी शेगडीच बरी. एसीची तर गोष्टच सोडा.

'तळहाताएवढं असलं तरी ५० वॅटचं आहे'

यात फसवणूक आहे. ती ओळखायला एक टेप पुरते. आज बाजारात मिळणारी चांगली सिलिकॉन सेल पडलेल्या प्रकाशातला साधारण २० ते २२ टक्के भागच विजेत बदलतात. घरांच्या क्षेत्रफळाचा हिशोब आपण चौरस फुटांत करतो, इथेही तोच करावा: एका चौरस फुटाला फार तर २० वॅट. १०० वॅटच्या पॅनेलमध्ये निदान ५ चौरस फूट सेल दिसलीच पाहिजेत. घडीच्या पॅनेलमध्ये कडेचं कापड, शिवण आणि खिसे सोडून फक्त काळा भाग मोजायचा. ऑनलाइन जाहिरातीतलं 'पोर्टेबल ५० वॅट' पुस्तकाएवढं असेल, तर आकडा खोटा आहे.

पाठीवर इवलंसं पॅनेल असलेल्या पॉवर बँकांचंही तेच. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ७४ वॅट-तास मावतात. वरचं पॅनेल दीड वॅटचं असेल तर ती भरायला कडक उन्हाचे ५० तास लागतील, आणि तेवढा वेळ लिथियमची बॅटरी उन्हात तापत ठेवणं वेगळंच धोक्याचं.

जास्त कार्यक्षमतेच्या पॅनेलबद्दल उलट बाजूचा घोळ होतो. २२ टक्क्यांचं १०० वॅट आणि १८ टक्क्यांचं १०० वॅट, दोन्ही वीज सारखीच देतात. पहिलं फक्त जागा कमी अडवतं. ट्रेलरच्या इवल्या टपावर त्या जागेला मोल आहे. मैदानात पसरायचं असेल तर त्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे?

'एका कोपऱ्यावर सावली आली तर काय बिघडतं?'

बरंच बिघडतं. १२ व्होल्टच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये बहुधा ३६ सेल एकापुढे एक जोडलेली असतात. पाण्याच्या नळीला कुठेही एका जागी चिमटा बसला की पुढची धार बारीक होते, तसा एका झाकलेल्या सेलमुळे सगळ्या रांगेचा प्रवाह अडतो. त्यावर उतारा म्हणून बायपास डायोड बसवतात. ते झाकलेला भाग वगळून वीज पुढे जाऊ देतात, पण त्या भागाबरोबर त्याच्याच गटातली उजेडातली सेलही बाद होतात. दोन गटांच्या पॅनेलवर हातभर फांदीची सावली पडली तरी निम्मं उत्पादन जाऊ शकतं. तंबूचा ताणलेला दोर, टपावरचं कॅरियर, पक्ष्याची शिट, सगळं यात आलं.

टपावर कायमचं बसवावं की सुटं ठेवावं, हा वाद इथेच मिटतो, निदान माझ्यापुरता. कॅम्पवर माणूस सावली शोधतो. मेमध्ये ट्रेलर माळावर उभा करून आत कोण झोपेल? आणि ट्रेलर झाडाखाली गेला की टपावरचं पॅनेलही झाडाखाली गेलं. लहान ट्रेलरसाठी म्हणूनच मला सुटं पॅनेल पटतं: ट्रेलर आंब्याखाली, पॅनेल दहा मीटरवर उन्हात. चोरीची भीती असते, वारा आला की उडतं, दिवसातून दोनतीनदा उठून फिरवावं लागतं. तरीही.

सुट्या पॅनेलला सूर्याकडे कलवता येतं हा दुसरा फायदा. मेच्या मध्याला पुण्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा पॅनेल आडवं टाकलं तरी चालतं. डिसेंबरअखेर मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. तेव्हा आडव्या पॅनेलला थेट उन्हाचा चौथा हिस्सा कमी मिळतो, सकाळ-संध्याकाळी त्याहून कमी. दक्षिणेकडे तोंड करून ४० अंशांच्या आसपास उभारलं की तो भरून निघतो.

लांब वायरचा तोटा असतो, पण जाड वायर घेतली तर सोसण्याजोगा. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून १० मीटरवरून साडेपाच अँपिअर आणताना सुमारे ०.८ व्होल्ट जातात. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर पॅनेलच्या पाठीवर न ठेवता बॅटरीजवळ बसवावा. तसं केलं की ही घट पॅनेलच्या १८ व्होल्टमधून जाते, बॅटरीला लागणाऱ्या व्होल्टेजला हात लागत नाही.

'ऊन जितकं तापेल तितकी वीज जास्त'

पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. सेलचं तापमान २५ अंशांच्या वर एका अंशानं चढलं की उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटतं. विदर्भातल्या मेमध्ये पॅनेल ६५-७० अंशांना सहज पोहोचतं, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास तिथेच गेले. पाठीमागून वारा खेळला तर यातलं थोडं वाचतं. टपावर चिकटवायच्या लवचीक पॅनेलची अडचण हीच आहे: वजन नगण्य, पण खालून हवा नाही, त्यामुळे तापतातही जास्त आणि टिकतातही कमी. काच-ॲल्युमिनियमचं १०० वॅटचं पॅनेल ६-७ किलोंचं असतं. ट्रेलरला ते जड नाही.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: दाट ढगांत पॅनेल बंद पडत नाही, पण छापील आकड्याच्या १०-२० टक्क्यांवर येतं. जुलैत सह्याद्रीत सोलरच्या भरवशावर जाऊ नये.

'कंट्रोलर कुठलाही चालतो'

स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर देणारं पॅनेल १३ व्होल्टवर आलं की १०० वॅटचे ७२ झाले. एमपीपीटी कंट्रोलर जादा व्होल्टचं रूपांतर जादा अँपिअरमध्ये करतो. लहान पॅनेलला पीडब्ल्यूएम पुरतो, २०० वॅटला फरकाचे पैसे वसूल होतात.

लडाखला गाडी नेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. जोडणी न करता २२ व्होल्ट दाखवणारी दोन पॅनेल एकापुढे एक जोडली तर ४४ होतात, आणि उणे १० अंशांत ते ४८ च्या घरात जातात. कंट्रोलरची मर्यादा त्याहून वर हवी. दुसरं, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, आतून ती कायमची खराब होते. हिवाळ्यात लेहमध्ये सकाळचं ऊन लख्ख असतं, बॅटरी मात्र रात्रभर गोठलेली. ती गाडीच्या उबेत ठेवावी आणि थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी घ्यावी. बॅटरीच्या क्षमतेवरही डोळे झाकून जाऊ नये: १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, लिथियम ८० ते ९० टक्के वापरता येते.

'कॅम्पिंग म्हटलं की सोलर हवंच'

फ्रिज नसेल तर दोन रात्रींच्या सहलीला वरच्या हिशोबानं ५४० वॅट-तास लागतात. घरून भरून नेलेल्या ५० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत ६४० मावतात. पॅनेलची गरजच नाही. रोज गाडी चालणार असेल तरीही नाही. इंजिनच्या अल्टरनेटरवरून २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला तर तासाला सुमारे २६० वॅट-तास मिळतात, म्हणजे दीड तासाच्या ड्रायव्हिंगमध्ये १०० वॅटच्या पॅनेलची दिवसभराची कमाई. मनालीहून लेहला रोज मजल-दरमजल करत जाणाऱ्यांना हा चार्जर पॅनेलपेक्षा भरवशाचा पडेल. गाडी तीनचार रात्री एकाच जागी उभी राहणार असेल, तिथे विजेचा प्लग नसेल आणि सोबत फ्रिज असेल, तर मात्र टेप घेऊन दुकानात जावं.