लेखक होताना – लेखांक ६ : आपला परिचय आपणच लिहावा

हस्तलिखित प्रकाशकाकडे कसं पाठवावं, याचा विचार मागच्या लेखांकात झाला. या वेळी विषय आहे त्या हस्तलिखिताबरोबर, आणि पुढे पुस्तकाबरोबर, गावोगाव जाणाऱ्या कागदांचा : लेखकाचा परिचय, पुस्तकाविषयीचा मजकूर, छायाचित्र आणि वृत्तपत्रांना द्यायचं टिपण. नवोदित लेखक या कामाला बहुधा शेवटच्या दिवशी हात घालतो. डीटीपी करणाऱ्याचा फोन येतो, ‘सर, मलपृष्ठ कोरंच आहे’, आणि मग रात्रीतून काहीतरी लिहून दिलं जातं. याला आपण ‘प्रसिद्धीसाहित्य’ म्हणतो आणि त्या नावानेच अनेकांच्या कपाळावर आठी पडते. माझं म्हणणं असं, की हे साहित्य म्हणजे जाहिरात नव्हे, ती माहिती आहे. आपली माहिती आपण लिहिली नाही तर ती जागा रिकामी राहत नाही, दुसरा कोणीतरी ती भरतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या लेखकाला हा अनुभव पुण्यातल्या लेखकापेक्षा लवकर येतो.

पुरावा याच जिल्ह्यातला आहे. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. त्याआधी उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावरून राज्यभर वादळ उठलं आणि ऐन वेळी येडे यांचं नाव पुढे आलं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या या बाईंची ओळख बहुतेक बातम्यांत एकाच ओळीत झाली : आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. ओळ खोटी नव्हती, पण अपुरी होती. त्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करत होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांची भूमिका होती. म्हणजे प्रेक्षकांसमोर उभं राहणं त्यांना नवं नव्हतं. त्याच वर्षी त्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूकही लढल्या. पहिल्या ओळीमुळे वाचकाच्या मनात सहानुभूती निर्माण होते, तर बाकीच्या माहितीमुळे एक कर्ती बाई दिसते. यात बातमीदाराचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती वेळ थोडा, जागा त्याहून थोडी. समोर जे तयार मिळेल ते तो उचलणार. त्याच संमेलनाची दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. सहगल यवतमाळला आल्या नाहीत, पण त्यांचं भाषण लिहून तयार होतं, म्हणून त्याचा मराठी अनुवाद वृत्तपत्रांतून वाचकांपर्यंत पोचला. वक्ता नसतानाही भाषण पोचलं, ते कागद तयार होता म्हणून.

यवतमाळच्या लेखकाला तयार शिक्क्याशीही झुंजावं लागतं. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होता. तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा जिल्हा मुख्यतः एकाच दुःखासाठी ठाऊक आहे. इथून आलेल्या पुस्तकाकडे तो त्याच चष्म्यातून बघतो. कथा प्रेमाची असो की विनोदी, परीक्षणात ‘शेतीच्या दाहक वास्तवाचं चित्रण’ हे शब्द येऊन बसतात. वास्तविक सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात वऱ्हाडी बोलली जाते, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर गोरमाटी आणि कोलामांच्या पोडांवर कोलामी बोलली जाते. वणीचा कोळसा, पुसदचं राजकारण, दारव्ह्याचा बाजार हे सगळं लेखनाला खाद्य पुरवणारं आहे. आपण यातल्या नेमक्या कशावर लिहितो, हे लेखकाने आधीच सांगितलं नाही तर शिक्का जिंकतो.

याच मातीतल्या दोन नावांनी हे आपापल्या परीने साधलं. भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) यवतमाळचे वकील, वाघाचे शिकारी आणि मराठीत शायरी लिहिणारे. या तीन गोष्टी एकापुढे एक ठेवल्या की ‘ज्येष्ठ’, ‘सुप्रसिद्ध’, ‘लोकप्रिय’ असली विशेषणं लावावीच लागत नाहीत. हा माणूस मैफलीत काय म्हणत असेल, याची उत्सुकता आपसूक जागी होते. बोरीअरबचे शंकर बडे वऱ्हाडी कविता घेऊन गावोगाव फिरले. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘अस्सा वऱ्हाडी माणूस’. आज काय ऐकायला मिळणार आणि कोणत्या बोलीत, हे तिकीट काढण्याआधीच कळत होतं. दोघांनी कधी प्रसिद्धीसंच बांधला असेल, असा माझा दावा नाही. मुद्दा एवढाच की त्यांची ओळख नामांवर उभी आहे, विशेषणांवर नाही.

आपल्याकडच्या पुस्तकांच्या मलपृष्ठांवर मात्र उलटं दिसतं. एक कल्पित पण कोणालाही ओळखीचा वाटेल असा नमुना घेऊ : ‘सुप्रसिद्ध कथाकार, विविध पुरस्कारांनी सन्मानित, अनेक वृत्तपत्रे व नियतकालिकांतून विपुल लेखन, सामाजिक कार्याची आवड.’ यात माहिती किती? शून्य. ‘विविध’ म्हणजे कोणते, ‘अनेक’ म्हणजे किती आणि कुठली, हे सांगता येत नाही म्हणूनच ते शब्द आले आहेत, अशी शंका संपादकाला लगेच येते. तोच लेखक असा मांडून पाहा : ‘राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस. कापसाच्या हंगामात काट्यावर, गाड्यांच्या रांगेत आणि ग्रेडरच्या टेबलाशी घडणाऱ्या अकरा कथांचा हा पहिला संग्रह. यातल्या तीन कथा दिवाळी अंकांतून आधी प्रसिद्ध.’ पुढे त्या अंकांची नावं आणि वर्षं. इथे एकही विशेषण नाही, तरीही पुस्तक उघडून बघावंसं वाटतं. कापसाचा काटा आतून पाहिलेला कथाकार मराठीत रोज भेटत नाही. जे काम लेखक ‘साधी नोकरी’ म्हणून लपवतो, तेच पुष्कळदा त्याचं खरं भांडवल असतं. असा परिचय तीन मापांत लिहून ठेवावा : निमंत्रणपत्रिकेसाठी एक ओळ, मलपृष्ठासाठी पन्नास-साठ शब्द आणि सूत्रसंचालकाच्या हाती देण्यासाठी एक पान. ते पान दिलं नाही तर सूत्रसंचालक काय काय बोलू शकतो, हे जिल्ह्यातल्या कुठल्याही प्रकाशन समारंभाला गेलेल्यांना सांगायला नको.

यावरचा पहिला आक्षेप जुना आणि सात्त्विक आहे : चांगलं लेखन आपोआप पोचतं, लेखकाने स्वतःविषयी बोलू नये. त्यासाठी हमखास उदाहरण दिलं जातं ते बहिणाबाई चौधरींचं. पण ते उदाहरण नीट तपासलं तर उलटच निष्कर्ष निघतो. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या, त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली. मधल्या काळात ती गाणी आपोआप कुठे गेली नाहीत. कवी सोपानदेव चौधरी यांनी आईची गाणी आचार्य अत्र्यांपर्यंत नेली, अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली आणि आपलं सारं वजन त्यांच्यामागे उभं केलं. म्हणजे ओळख करून देण्याचं काम झालंच, फक्त ते कवयित्रीने केलं नाही आणि तिच्या हयातीत झालं नाही. ज्याच्या घरात सोपानदेव नाही आणि ज्याच्या ओळखीत अत्रे नाहीत, त्याने काय करावं? संकोच हा गुण आहे हे मान्य. पण स्वतःची स्तुती करण्याचा संकोच वेगळा आणि स्वतःची माहिती देण्याचा वेगळा. पहिला जपावा, दुसरा सोडावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे सगळं करताना लेखक स्वतःला विकायला लागतो, विशेषतः स्वतःचं दुःख. जिल्ह्याचं नाव, घरातली आत्महत्या, जात, गरिबी हे परिचयात घातलं की लक्ष वेधलं जातं, हे लेखकालाही कळतं आणि प्रकाशकालाही. इथे एकच कसोटी लावावी : ती गोष्ट पुस्तकात आहे का? असेल तर परिचयात तिला जागा आहे. नसेल तर ती वाचकाच्या दयेवर टाकलेली पावती आहे. मोठ्या नावाच्या प्रस्तावनेबद्दलही थोडं असंच. नवोदिताला वाटतं, एखाद्या प्राध्यापकाने वा संमेलनाध्यक्षाने पाठराखण केली की बाकी काही नको. प्रत्यक्षात अशा मजकुरात पुष्कळदा पुस्तकाचं नाव बदललं तरी चालेल, इतकी सर्वसाधारण स्तुती असते आणि अनुभवी वाचक ती ओलांडून पुढे जातो.

आता कोरड्या पण निर्णायक गोष्टी. मजकूर युनिकोडमध्ये असावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली फाइल ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसते, आणि घाईतला उपसंपादक ती दुरुस्त करत बसत नाही. छायाचित्र लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेलं नको आणि व्हॉट्सॲपवरून नुसतं पाठवलेलंही नको; तिथे ते बारीक होऊन छपाईत फुटतं. ईमेलने द्यावं किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावं, आणि ते कोणी काढलं तेही कळवावं. नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहावं. एका पुस्तकावर आद्याक्षरं, दुसऱ्यावर पूर्ण नाव आणि अंकांत टोपणनाव असेल, तर ग्रंथालयाच्या नोंदीत एका लेखकाचे तीन होतात. आयएसबीएन भारतात विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर कशाचे, ते विचारावं. वृत्तपत्राकडे अभिप्रायार्थ साधारणपणे दोन प्रती पाठवायच्या असतात. प्रत्येक पुस्तकाचं परीक्षण येईलच असं नाही, पण ‘साभार पोच’मध्ये नोंद येऊ शकते. तिथे छापतात ते पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं आणि किंमत. प्रतीबरोबर एका कागदावर एवढं स्पष्ट लिहिलेलं असावं, शिवाय पुस्तक कुठे मिळेल तो पत्ता. आपली निम्मी पुस्तकं या शेवटच्या ओळीअभावी विकली जात नाहीत, असं मला वाटतं.

याला खर्च जवळपास नाही, एक संध्याकाळ मात्र लागते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेसाठी अर्ज करायचा असो, राज्य वाङ्मय पुरस्काराच्या प्रथम प्रकाशन विभागात पुस्तक पाठवायचं असो की जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात कवितावाचनाला नाव द्यायचं असो, पुन्हा पुन्हा विचारली जाते ती हीच माहिती. तेव्हा पुढचा लेखांक येण्याआधी आपला साठ शब्दांचा परिचय लिहून काढा, त्यातलं प्रत्येक विशेषण खोडा आणि उरलेला मजकूर आपल्याला ओळखत नसलेल्या एखाद्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला दाखवा. पुस्तक कशाविषयी आहे, हे त्यांना सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा. पुढच्या आठवड्यात प्रकाशन समारंभ : तो करावा का, आणि केलाच तर कोणासाठी.