संगीत-परवाना आणि सभागृहाचा खर्च

कॉपीराइट अधिनियम, 1957 नुसार ध्वनिमुद्रित गीतात शब्द, स्वररचना व ध्वनिमुद्रण अशा तीन स्वतंत्र कृती असतात. वाद्यवृंदाने ते सभागृहात सादर केल्यास पहिल्या दोहोंचा परवाना लागतो. तो बहुतांशी 1969 मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी देते. मध्यंतरात ध्वनिमुद्रिका वाजविली की तिसऱ्या हक्काचे शुल्क निराळे. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क अहस्तांतरणीय केला, हे योग्यच झाले. तथापि तिकिटे खपण्यापूर्वीच परवाना घ्यावयाचा असल्याने लहान सभागृहांना तो भार अधिक जाणवतो. कलम 52 मधील शैक्षणिक सूट प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या सादरीकरणापुरती आहे. स्नेहसंमेलनास बाहेरचा व्यावसायिक वाद्यवृंद आणल्यास तिचा आधार उरत नाही. आपल्या अंदाजपत्रकांत मात्र मंडप व ध्वनिक्षेपकाशेजारी या शुल्काची नोंद क्वचितच आढळते.